रीकाला झोपू द्यायचं नाही

त्या मार्लूस नर्सचं तोंड पुन्हा बघायचं नाही, असं मी पहिल्याच भेटीत ठरवून टाकलं होतं. फेब्रुवारी संपत आला होता. मी रीकाला गाडीत घालून शहरातल्या हॉस्पिटलात घेऊन गेले होते, कारण रीका गाडी चालवण्याच्या अवस्थेत नव्हती आणि तिची पहिली शेजारीण मी. आमच्या रस्त्यावर ज्याचं दार तुमच्या दारासमोर, तो तुमचा पहिला शेजारी. बाळंतपण, लग्न, आजारपण, मयत, काहीही असो, त्या घरात पहिलं पाऊल त्याचं. हे कुणी कागदावर लिहिलेलं नाही, पण पाळलं नाही तर रस्त्यात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

रीका एकसष्ट वर्षांची, मी अडुसष्टची. तिला स्तनाचा कॅन्सर निघाला त्याला दीड वर्ष होऊन गेलं होतं. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं पार पडलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आता अंगात काही दिसत नाही, पाच वर्षं गोळ्या घ्या आणि तपासायला येत राहा. पण या भानगडीत झोप जी गेली ती गेलीच. तासाभरासाठी डोळा लागायचा, मग अंगातून वाफा निघायच्या, मग भिजलेलं पांघरूण बाजूला सारून उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. झोपेच्या गोळ्यांना ती हात लावायला तयार नव्हती. कारण बस.

बस म्हणजे आमच्या चार खेड्यांची आठ खुर्च्यांची गाडी. गावातलेच लोक आळीपाळीने ती चालवतात, पगार वगैरे काही नाही. रीका अकरा वर्षं मंगळवार आणि शुक्रवार चालवत होती. कुठल्या म्हातारीचे गुडघे दुखतात, कुणाला दाराशीच सोडायचं, कुणाचा कुत्रा गाडीत ओकतो, सगळं तिला तोंडपाठ. नवरा वीस वर्षांपूर्वी दुसरीबरोबर निघून गेला, मूल नाही. तिच्याशी दोन शब्द बोलायला माणसं मिळायची ती त्या बसमध्येच.

बसच्या समितीचा अध्यक्ष लुबेर्ट. माणूस सरळ आहे, पण नियमाला चिकटून राहणारा. तो तिला म्हणाला होता, "रीका, एक मेला नवीन पाळ्या लागतात. त्याच्या आधी तू स्वतः येऊन मला सांग, की महिनाभर नीट झोपतेय आणि दिवसा डुलक्या येत नाहीत. डॉक्टरचा कागद नको, तुझा शब्द पुरे. पण सांगितलं नाहीस, तर मंगळवार-शुक्रवार दुसऱ्याला देईन. मुलं असतात गाडीत."

रीका खोटं बोलत नाही, हे लुबेर्टला ठाऊक होतं. रीकालाही ठाऊक होतं, आणि तिथेच तिची अडचण होती.

तर ती नर्स. कॅन्सर झालेल्या लोकांची झोप सुधारणं एवढंच तिचं काम. वय असेल पस्तीस, केस वर बांधलेले, पायात हिरवे बूट. रीकाने दोन आठवडे भरलेली झोपेची वही तिने आधी वाचली. किती वाजता पडलात, किती वाजता झोप लागली, किती वेळा जाग आली, किती वाजता उठलात, दिवसा किती झोपलात. मग म्हणाली, "तुमचा दिवस कसा जातो ते सांगा बघू."

रीका काही बोलायच्या आत मीच सांगायला लागले. आता मी सांगितलं तर काय चुकलं? सगळी व्यवस्था माझीच होती. पलंग मी खाली पुढच्या खोलीत आणवला होता, वरखाली करता येणारा, आजारी माणसांसाठी भाड्याने मिळतो तो. जेवणाची पाळी मी लावली होती, सोमवारी माझं खिम्याच्या गोळ्यांचं सूप, मंगळवारी शेजारच्या डेर्कची बायको येनेके, बुधवारी कोपऱ्यावरच्या घरातले. दुपारी एक ते चार तिच्या घराकडे कुणी फिरकायचं नाही, सायकलची घंटाही वाजवायची नाही. कचऱ्याची पेटी डेर्क बाहेर काढायचा. रात्री आठला मी जाऊन पांघरूण खोचून यायचे. दीड वर्षात त्या बाईला मी एक काडी इकडची तिकडे करू दिली नव्हती.

नर्सने सगळं ऐकून घेतलं. वहीवर आकडेमोड केली. "रात्रीची झोप सरासरी पाच तास, तीही तुकड्या-तुकड्यांची," ती म्हणाली. "आणि पलंगावर चौदा तास."

"मग? आजारी आहे ती," मी म्हटलं.

"डीनाबाई, तुम्ही खूप केलंत. पण तुम्ही त्यांना मरणाऱ्या माणसासारखं सांभाळताय. त्या मरत नाहीयेत."

मला कुणी भर बाजारात मुस्कटात मारल्यासारखं झालं. मी रीकाकडे बघितलं. वाटलं, ही तरी माझी बाजू घेईल. ती खाली मान घालून हसू दाबत होती.

मग नर्सने फर्मान काढलं. रीकाची सगळी फाइल आपण डॉक्टरांबरोबर बघितली आहे, हा उपाय सगळ्यांना चालतो असं नाही पण रीकाला चालेल, असं आधी सांगितलं. झोपायचं वरच्या खोलीत, स्वतःच्या जुन्या पलंगावर. रात्री साडेबाराच्या आत त्यावर जायचं नाही. सकाळी सहाला उठायचं, रविवार असो की वाढदिवस. वीसेक मिनिटं झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं, पुन्हा डोळे मिटायला लागले की परत जायचं. दुपारी बारानंतर कॉफी बंद. दिवसा आडवं व्हायचं नाही, दहा मिनिटंसुद्धा नाही. पलंग म्हणजे झोप, एवढंच अंगाला पुन्हा शिकवायचं. झोप सलग झाली की वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवायची.

"पहिले तीन आठवडे तुम्ही मला शिव्या द्याल," ती रीकाला म्हणाली.

"मी आत्तापासूनच देतेय," मी म्हटलं.

परतीच्या वाटेवर मी गाडीत गप्प होते. रीका म्हणाली, "अगं, एवढी काय फुगलीस?"

"कॅन्सरमधून उठलेल्या बाईला म्हणे झोपू नको! शिकलेल्या बायका आणि हे शहाणपण!"

"मला बस चालवायचीय, डीना. ती म्हणाली उलटं लटक, तरी मी लटकेन."

भाड्याचा पलंग परत गेला. डेर्क आणि कोपऱ्यावरच्या दोघांनी तो उचलून गाडीत घातला. ते बघून मला एक विचित्र गोष्ट जाणवली आणि ती मी कुणाला सांगितली नाही. माझा नवरा बेर्नार्डही अशाच पलंगावर गेला होता, तीन वर्षांपूर्वी, आमच्या पुढच्या खोलीत. आजारी माणसाचं करायचं कसं, हे मला तेवढंच माहीत होतं. त्या माहितीचा शेवट कुठे होतो, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

एक मात्र आम्ही दोघींनी ठरवलं. सकाळी सहाला रीका उठली की वरच्या खोलीचा पडदा उघडेल. मी समोरून बघेन. खालच्या पुढच्या खोलीचे पडदे तर आमच्या रस्त्यावर कधीच लागत नाहीत, रात्री दिवा असला तरी नाही. लपवण्यासारखं काय आहे तुमच्याकडे, असं लोक विचारतील. ते लागतात एकदाच, घरात मयत झालं की. आणि ते ओढायचे असतात पहिल्या शेजाऱ्याने. हल्ली सगळीकडे पाळत नाहीत, आमच्याकडे पाळतात.

पहिला आठवडा रीकाने काढला. दुसऱ्या आठवड्यात ती भिंतीला धरून चालायला लागली. मीठ समजून साखर घातली, चष्मा फ्रीजमध्ये ठेवला. तिचा चेहरा बघवत नव्हता. तिसऱ्या आठवड्यात बुधवारी दीड वाजता मी बटाटे घेऊन तिच्याकडे गेले. म्हटलं, सोबत सोलू, तेवढीच जागी राहील. ती खुर्चीत बसल्या बसल्या पुढे झुकली आणि सुरी हातातून पडली.

"डीना, फक्त दहा मिनिटं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. "कुणाला सांगू नकोस."

मी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. तिला उठवून कोट चढवून रस्त्यावर फिरवायला हवं होतं. पण मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर त्या हिरव्या बुटांच्या बाईची जिरवायचीही होती. मी तिला सोफ्यावर आडवं केलं, अंगावर माझी लोकरीची शाल टाकली. मार्चचं तिरपं ऊन नेमकं तिच्या डोळ्यांवर येत होतं. मी उठले आणि पुढच्या खोलीचे दोन्ही पडदे ओढून घेतले.

शपथेवर सांगते, तेव्हा माझ्या डोक्यात फक्त ऊन होतं.

मग मी खुर्चीत बसले. खोली उबदार, अंधारलेली, रीकाचा श्वास संथ चाललेला. मला कधी झोप लागली ते कळलंच नाही.

डेर्क अडीचला सायकलवरून गेला. डेर्क म्हणजे रीकाचा दुसरा शेजारी, शहात्तर वर्षांचा, आयुष्यभर गाई राखलेला. त्याने पडदे ओढलेले बघितले, भिंतीला टेकलेली माझी सायकल बघितली, आणि टोपी काढली. दार वाजवून विचारावं की नाही? दुसऱ्या कुठल्या गावात वाजवलंही असतं. आमच्याकडे मयताच्या घरी विचारत बसायचं नसतं, कामाला लागायचं असतं. पडदा पहिल्या शेजारणीने ओढलाय, म्हणजे तिने बघितलंय, म्हणजे झालंय. डेर्क घरी गेला, येनेकेला सांगितलं, मयताचा काळा कोट चढवला. येनेकेने पुढच्या घरी सांगितलं, त्यांनी त्यांच्या पुढच्या घरी. रस्त्याच्या मालकीचे कपांचे दोन खोके डेर्ककडेच असतात, लग्नाला आणि मयताला काढतात. ते त्याने हातगाडीवर घातले. सव्वातीनपर्यंत रीकाच्या स्वयंपाकघरात मागच्या दाराने सात माणसं शिरली होती, बूट काढून, पावलं न वाजवता. पुढच्या खोलीत मात्र कुणी डोकावलं नाही, कारण पहिली शेजारीण बोलवेपर्यंत तिथे जायचं नसतं.

रीकाला जाग आली ती कॉफीच्या वासाने. मला जाग आली ती रीकाने दंडाला चिमटा काढल्यामुळे.

"माझ्या स्वयंपाकघरात कोण आहे?" ती कुजबुजली.

आम्ही कान दिला. लुबेर्टचा आवाज होता. "पुढे डावीकडे मी नाही उभा राहू शकत, माझा खांदा कामातून गेलाय."

"मग मागे राहा," डेर्क म्हणाला. "पुढे कोपऱ्यावरचे दोघे. उंची तरी जुळते."

"जिना अरुंद आहे का?"

"ती खालीच असेल. डीना तिला वर कशी नेणार?"

आता मला उमगलं. मी पडद्यांकडे बघितलं, मग रीकाकडे. तिला माझ्या आधीच कळलं होतं. ती उठली, शाल खांद्यावर घेतली, पायमोज्यांवरच चालत गेली आणि स्वयंपाकघराचं दार उघडलं.

"खांद्याची काळजी करू नकोस, लुबेर्ट," ती म्हणाली. "औषधांनी माझे आठ किलो उतरलेत."

येनेकेच्या हातातला कप फरशीवर फुटला. डेर्क काळ्या कोटात उभा. कोट त्याला दहा वर्षांपूर्वी बसत असेल, आता बटणं पोटापर्यंत पोचत नव्हती. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"ऊन येत होतं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

"ऊन!" येनेके किंचाळली. "अगं बाई, मी माझ्या बहिणीला फोन केला! ती रडत बसलीय तिकडे!"

रीका खुर्चीवर बसली. मला वाटलं ती आता रडेल किंवा सगळ्यांना हाकलून देईल. ती एकेकाकडे बघत राहिली, कपांकडे, डेर्कच्या कोटाकडे, येनेकेने आणलेल्या केकच्या कापांकडे. मग म्हणाली, "दीड वर्ष मी रात्री पडून हेच बघतेय. हेच. पडदे ओढलेले, तुम्ही इथे उभे, कप वाजतायत, आणि मी तिकडे एकटी. रोज. डोळे मिटले की हेच दिसायचं. म्हणून मी ते मिटतच नव्हते."

डेर्कने नाक पुसलं.

"मला वाटायचं, फार भयंकर असेल," रीका म्हणाली. "आणि तुम्ही इथे खांद्यावरून भांडताय. आणि डेर्क, तो कोट तुला होत नाही रे."

पहिलं हसू येनेकेला फुटलं, मग कोपऱ्यावरच्यांना, शेवटी डेर्कलाही. मला हसू आलं नाही. मी सिंकपाशी जाऊन कपाचे तुकडे उचलत रडून घेतलं.

रीका लुबेर्टकडे वळली. "माझं नाव पाळ्यांच्या तक्त्यावरून खोडलंस का?"

लुबेर्ट कानापर्यंत लाल झाला. "पेन्सिलीने. नुसती एक रेघ."

"मग खोडरबर घे आणि पूस. एक मेपर्यंत मुदत आहे माझी."

तिने स्वतः कॉफी घेतली नाही, बारा वाजून गेले होते. बाकीच्यांना बसवून पाजली, केकही खाऊ घातला. मग तिने वही मागितली आणि सगळ्यांच्या देखत लिहिलं: दिवसा झोप, पावणेदोन तास. मी म्हटलं, "अगं, दहा मिनिटं लिही ना, कोण बघतंय?" ती म्हणाली, "मी बघतेय." आणि खाली बारीक अक्षरात जोडलं: शेजारणीची चूक.

मग डेर्क म्हणाला, "पण मग आम्ही करायचं तरी काय? सूप आणायचं नाही, झोपू द्यायचं नाही. जन्माला काय करायचं ते आम्हाला माहीत आहे, मरणाला काय करायचं तेही. बरं होणाऱ्या माणसाचं काय करतात?"

डेर्क फारसा बोलत नाही, पण प्रश्न त्याने बरोबर विचारला होता. मी डोळे पुसले आणि म्हटलं, "तिला जागं ठेवायचं. पाळ्या मी लावते."

त्या दिवसापासून दुपारी एक ते चार ज्या घराकडे कुणी फिरकत नव्हतं, तिथे रोज कुणी ना कुणी ठाण मांडून बसायला लागलं. पत्ते, बागेतली खुरपणी, बसथांब्याचं बाकडं रंगवणं. संध्याकाळी येनेके विणकाम घेऊन यायची आणि तिच्या सुनेबद्दल बोलायची, त्यात कुणालाही झोप येणं शक्य नाही. डेर्कला आधी रात्री दहा ते बाराची पाळी दिली होती, पण तो गाईंच्या वंशावळी सांगायला लागला की रीकाची मान पडायची. त्याला मी सकाळवर टाकलं. पडदा कुणी ओढायचा नाही, हे सांगायची गरज नव्हती.

पुढच्या भेटीला मी नर्सला सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं, ती मला उपदेश करेल. ती इतकी हसली, की तिला पाणी प्यावं लागलं. मग म्हणाली, "डीनाबाई, माझ्याकडे असे पेशंट आहेत, ज्यांना उठवायला कुणी नाही. नुसता फोनचा गजर आहे. तुम्ही सात जण आहात." बूट तेच हिरवे होते. बाई तशी वाईट नाही.

मार्चच्या शेवटी रीका साडेपाच तासांतले पाच तास झोपत होती. नर्सने पंधरा मिनिटं दिली, मग आणखी पंधरा, मग आणखी. वाफा येतच होत्या, पण ती पांघरूण सारून पुन्हा झोपायची. एखादी रात्र साफ बिघडायची, दुसऱ्या दिवशी ती आम्हा सगळ्यांवर खेकसायची आणि वहीत तेही लिहायची. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ती रात्री पावणेबाराला वर जात होती. सकाळी सहाला वरचा पडदा उघडायचा. एकही दिवस चुकला नाही.

मग तीस एप्रिल आला, रविवार. त्याच दिवशी तिला लुबेर्टकडे जाऊन सांगायचं होतं.

मी सहाला खिडकीशी उभी राहिले. पडदा बंद. सहा वाजून पाच मिनिटं, बंद. मी मनाला म्हटलं, रविवार आहे. मग म्हटलं, रविवार असो की वाढदिवस. सहा दहाला मी किल्ली घेतली आणि घरातल्या सपातांवरच रस्ता ओलांडला.

मागचं दार उघडलं तर वरून गजर ऐकू येत होता. तो वाजत होता आणि कुणी बंद करत नव्हतं.

तिच्या जिन्याला चौदा पायऱ्या आहेत. त्या चढायला मला किती वेळ लागला, सांगता येणार नाही. जे तीन वर्षं मी कुणाला बोलले नव्हते ते सगळं त्या पायऱ्यांवर माझ्यासमोर आलं. त्या सकाळी बेर्नार्ड उठला नाही तेव्हा मी म्हटलं होतं, झोपू दे त्याला, रात्रभर तळमळत होता. मी हळूच दार लोटलं, स्वयंपाकघरात गेले, कॉफी केली, पेपर वाचला. नऊ वाजेपर्यंत झोपू दिलं मी त्याला. डॉक्टर म्हणाले, पहाटेच गेले असतील. मी पेपर वाचत होते.

मी दार ढकललं. खोलीत अंधार होता. रीका उताणी पडली होती, एक हात पलंगाबाहेर, तोंड उघडं. गजर तिच्या कानाशी कोकलत होता. मी जागची हलू शकले नाही. मग ती घोरली. एकदाच, खणखणीत, बाप्यासारखी.

मी गजर बंद केला आणि पलंगाच्या कडेवर बसले. तिच्या चेहऱ्यावर उशीचे वळ उमटले होते. दीड वर्षात मी तिला अशी झोपलेली बघितली नव्हती. आणि माझ्या मनात पुन्हा तेच आलं, झोपू दे तिला. अर्धा तास, कुणाला कळणार आहे?

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो उबदार होता. मी तिला गदागदा हलवलं.

"रीका! ऊठ. ऊठ गं!"

"मेले, काय झालं?" तिने एक डोळा उघडला. "किती वाजले?"

"सहा वीस."

ती ताडकन उठून बसली. "सहा वीस? आणि तू आत्ता येतेस? सहाला का नाही उठवलंस? पहिली शेजारीण म्हणे!"

मी तिचा हात घट्ट धरून बसले होते. तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि तिचा आवाज बदलला.

"अगं, तू रडतेयस?"

"बेर्नार्डला मी उठवलं नव्हतं," मी म्हटलं.

तिने हात सोडवून घेतला नाही, तसेच बसून राहिलो आम्ही. मग तिने दुसऱ्या हाताने उशाशी ठेवलेली वही ओढली, पेन्सिल माझ्याकडे दिली आणि म्हणाली, "लिही. माझा चष्मा सापडत नाही. झोप लागली, बारा. जाग आली, शून्य वेळा."

"शून्य?"

"शून्य. उठले, सहा वीस. आणि खाली लिही, शेजारणीने उठवलं."

मी लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. तिने उठून पडदा सारला आणि खिडकीतून खाली बघितलं. खाली डेर्क सायकल धरून उभा होता, टोपी हातात. मला सपातांवर पळताना त्याने बघितलं होतं.

रीकाने खिडकी उघडली. "डेर्क, घरी जा!" ती ओरडली. "कप राहू देत खोक्यात. आणि येनेकेला म्हणावं, मंगळवारी दवाखान्यात जायचं असेल तर आठ दहाच्या बसला थांब. मी वाट बघणार नाही."

डेर्कने टोपी घातली. तो निघेपर्यंत मी तिच्या मागे उभी होते, मग आम्ही दोघी कॉफी करायला खाली गेलो.